फूटपाथवरची ड्रेसिंग : एमबीबीएसच्या पोरांनी कुठपर्यंत जावं?

तिसरं_वर्ष (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. नागपुरातल्या एका सरकारी मेडिकल कॉलेजात तिसऱ्या वर्षाला आहे. आमचा पंधरा-वीस जणांचा गट आहे. शनिवारी रात्री मेस आटोपली की स्टेशनचा परिसर, टेकडी गणपतीकडचा रस्ता, बर्डीच्या (सीताबर्डी बाजाराच्या) पुलाखालची जागा आणि मोर भवन बसस्थानकाच्या मागची बाजू एवढ्या भागात आम्ही फिरतो. रस्त्यावर झोपणाऱ्या लोकांच्या जखमा धुतो, पट्ट्या बदलतो, बीपी-शुगर मोजतो, खरजेचं मलम देतो, उन्हाळ्यात ओआरएस वाटतो. सोबत दोन इंटर्न असतात आणि पीएसएम (सामाजिक आरोग्य) विभागातल्या एक डॉक्टर मॅडम येतात.

सध्या गटात दोन तट पडलेत. एका बाजूचं म्हणणं, शुगर तीनशे निघाली की आपण "काका, दवाखान्यात जा" एवढंच सांगतो. काका जात नाहीत. पुढच्या शनिवारी पुन्हा तीनशे. मग मोजतो कशाला? मॅडमच्या सहीने बीपी-शुगरच्या गोळ्या आपणच का देऊ नयेत? दुसरी बाजू म्हणते, परीक्षा लागली की आपण महिनाभर गायब असतो, चालू केलेल्या गोळ्या मग कोण देणार? ड्रेसिंग करा, चिठ्ठी द्या आणि थांबा.

मी पहिल्या बाजूचा आहे. रस्त्यावर जाऊन नुसते आकडे लिहून आणणं मला पटत नाही. पण इथे डॉक्टर आहेत, नर्सेस आहेत, वर्षानुवर्षं असं काम केलेले लोक आहेत. आमच्यासारख्यांनी नेमकं कुठपर्यंत जावं?

सांबारवडी

फार चांगलं काम. गोळ्यांचं डॉक्टर मंडळी सांगतील. ब्लँकेटं, चपला, जुने शर्ट लागत असतील तर सांगा, आमच्या मनीषनगरच्या सोसायटीतून गोळा करून देते.

बर्डीकर

पोरांच्या भावनेबद्दल शंका नाही. पण माझं दुकान बर्डीत आहे, सकाळी शटर उघडताना काय दिसतं ते मला माहीत आहे. तुम्ही जागेवर पट्टी बांधता, कोणी जेवण आणून देतं, कोणी चादर देतं. मग माणूस तिथून हलणार कशाला? महापालिकेची निवारा केंद्रं आहेत. तिकडे न्या, तिथे दवाखाना लावा. फूटपाथवर सोय करून फूटपाथवरचं जिणं लांबवू नका एवढंच म्हणतो.

निशा_सिस्टर

उभी नोकरी सरकारी रुग्णालयात सर्जरी वॉर्डात गेली, म्हणून ड्रेसिंगबद्दल आधी लिहिते.

जखम धुवायला काय वापरता? हायड्रोजन पेरॉक्साइड असेल तर बंद करा. फेस आला की शिकाऊ पोरांना वाटतं घाण निघाली. रोज ओतलं की खालून येणारं नवं लाल मांसही जळतं. साधं नॉर्मल सलाइन घ्या. बाटलीला जाड सुई टोचा आणि बाटली दाबा, बारीक जोरकस धार येते, तिनेच जखम धुवा. जुनी पट्टी चिकटली असेल तर ओढायची नाही. सलाइनने भिजवायची, पाच मिनिटं गप्पा मारायच्या, मग ती आपोआप सुटते. कधी जेवलात, कुठे झोपता, पाय कधीपासून सुजला हे सगळं त्या पाच मिनिटांत कळतं.

अळ्या पडलेल्या असतील तर टर्पेंटाइनचा बोळा जखमेच्या तोंडाशी धरतात. अळ्या वर आल्या की चिमट्याने एकेक काढायच्या. पण एका बैठकीत सगळ्या निघत नाहीत, दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी पुन्हा बघावं लागतं. असा माणूस शनिवार ते शनिवारचा पेशंट नव्हे. त्याला त्याच रात्री भरती करायचं.

आणि तळपायाची जखम. खोल आहे, भोवती पांढरी जाड कातडी आहे, दाबलं तरी माणूस 'हाय' म्हणत नाही. मधुमेह किंवा कुष्ठरोग, दोन्ही डोक्यात ठेवा. कुष्ठरोगाचं औषध पूर्ण करून बरा झालेला माणूससुद्धा असू शकतो, रोग जातो पण बधिरपणा राहतो. खडा रुतला, चटका बसला, तरी त्याला कळत नाही. त्या पायाला पट्टीपेक्षा चप्पल जास्त गरजेची असते. आत मऊ एमसीआर रबर (बारीक छिद्रांचं, स्पंजसारखं), मागे टाचेला पट्टा, आणि खिळा एकही नको. सांबारवडीताई, जुन्या चपला गोळा करण्यापेक्षा अशा चार जोड्या करून दिल्यात तर फार मोठं काम होईल.

कचऱ्याचंही बघा. रक्त-पू लागलेला कापूस पिवळ्या पिशवीत, शुगर तपासायच्या टोचण्या वेगळ्या जाड डब्यात, आणि सगळं परत आणून रुग्णालयाच्या कचऱ्यात. २०१६ च्या नियमांप्रमाणे तसंच करावं लागतं. रस्त्यावर एक बोळासुद्धा राहता कामा नये.

सांबारवडी

सिस्टर, पायाची मापं कशी घ्यायची तेवढं सांगा. कागदावर पाऊल आखून आणलं तर चालेल का?

निशा_सिस्टर

चालेल. जखमेवर पट्टी असताना आखा, म्हणजे पट्टीसकट पाय मावेल. आणि आखायची वेळ संध्याकाळची ठेवा, सकाळपेक्षा पाय सुजलेला असतो.

डॉ_वर्धारोड

मी फिजिशियन आहे, मूळ प्रश्नावर लिहितो.

कायद्याचं सोपं आहे. विद्यार्थ्याला स्वतः औषध लिहून देता येत नाही. इंटर्नची नोंदणी तात्पुरती असते, तोही देखरेखीखालीच काम करतो. मॅडमनी तपासून लिहिलं तर चालेल, पण मग त्यांनी माणूस खरोखर तपासलेला हवा. आधीच सही करून ठेवलेली चिठ्ठी चालणार नाही.

पण गोळ्या देऊ नका म्हणतो ते कायद्यापेक्षा वेगळ्या कारणाने. शुगरची एक स्वस्त आणि सगळीकडे मिळणारी गोळी आहे, ग्लिमेपिराइड. ती पोटात गेली की खाल्लं असो-नसो शुगर उतरवते. घरच्या माणसाला आपण सांगतो, गोळी घेतली की जेवायचंच. ज्याला रात्रीचं जेवण मिळेल की नाही हेच माहीत नाही, त्याच्या खिशात ही गोळी ठेवली तर मध्यरात्री तो घामाघूम होतो, बरळतो, पडतो. येणारा-जाणारा म्हणतो, पिऊन पडलाय. कोणी साखर भरवत नाही. सकाळपर्यंत सगळं संपलेलं असतं.

बीपीचंही तसंच. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या मे महिन्यातल्या नागपुरात, पंचेचाळीस डिग्रीत, दिवसभर उन्हात बसणाऱ्याला द्यायच्या? आधीच पाणी मिळत नाही. मनोविकाराची काही औषधं तर घाम कमी करतात, उष्माघाताचा धोका वाढवतात. गोळी निवडताना तो कुठे बसतो, काय खातो, पाणी कुठून आणतो, लघवीला कुठे जातो, एवढं माहीत लागतं. हे सगळं बघून शुगरसाठी मेटफॉर्मिन किंवा बीपीसाठी अ‍ॅम्लोडिपिन चालू करता येतं, मीही करतो. पण पुढच्या महिन्यात त्याला पुन्हा बघणारा कोणीतरी ठरलेला हवा. तो नसेल तर चालू करू नका.

मोजणं मात्र बंद करू नका. तीनशे शुगर आणि पायाला जखम एकत्र दिसली की तो माणूस भरतीचा आहे, हे तुम्हालाच कळणार आहे.

वऱ्हाडी_टपरी

माही स्टेशनपाशी चहाची टपरी हाय. ह्या पोराइले पाहून राहिलो मी. चांगलं करून राहिले, खोटं कायले बोलू. एक बुढा हाय आमच्याइथं, त्याचं बीपी मोजाले गेले त म्हणे, "आधी तर्री-पोहे सांगा, उपाशीपोटी माहं बीपी कोणालेच सापडत नाही." पोरानं खरंच पोहे आणले. मग बुढ्यानं हात पुढं केला.

पण डॉक्टरसाहेब, तुमी म्हणता भरती करा. भरती कोन करून घेते? मी दोन-तीनदा आटोत घालून पाठवले लोक. रात्री गेले, सकाळी परत टपरीवर. कोनी म्हणे सही कराले माणूस नोयता, कोनी म्हणे रक्त घेऊन जा म्हणे त कुठं जाऊ. चिठ्ठी देऊन काई होत नाही राजेहो. चिठ्ठी वाचता कोनाले येते?

सीताफळ

+१. टपरीवाल्या भाऊंनी नेमकं बोट ठेवलं.

इंटर्न_मुलगी

टपरीवाल्या भाऊंनी लिहिलं तेच मी रोज कॅज्युअल्टीच्या (तातडीच्या विभागाच्या) आतल्या बाजूने बघते, म्हणून सविस्तर लिहिते.

आपल्याकडचं सरकारी रुग्णालय नातेवाइकावर चालतं. केसपेपर काढायला नातेवाईक. स्ट्रेचर एक्स-रेपर्यंत ढकलायला नातेवाईक. जांभळ्या झाकणाची नळी एका लॅबला, लाल झाकणाची दुसऱ्या, दोन्ही पोचवायला आणि संध्याकाळी रिपोर्ट आणायला नातेवाईक. रक्तपेढीत, बाहेरच्या औषधाच्या दुकानात, रात्री बेडपॅन द्यायला, सलाइन संपलं की सिस्टरला हाक मारायलाही नातेवाईकच. एका सिस्टरच्या ताब्यात इतके बेड असतात की ती कोणाकोणाकडे धावणार? ज्याच्याजवळ कोणी नाही तो माणूस कोणी मुद्दाम टाळत नाही, पण त्याचं प्रत्येक काम सगळ्यात शेवटी होतं. आणि फाइलवर शेवटी शेरा पडतो : न सांगता निघून गेला.

मागच्या पावसाळ्यात एका मावशींना आम्ही आणलं. पाय गुडघ्यापर्यंत लाल, टरटरून सुजलेला, अंगात ताप. त्या यायलाच तयार नव्हत्या. बराच वेळ आम्हाला वाटलं इंजेक्शनला घाबरतात. शेवटी त्यांनी दाखवलं : गाठोडं. हिरव्या साडीच्या तुकड्यात बांधलेलं, उशाशी. वॉर्डात नेऊ देणार नाहीत आणि इथे ठेवलं तर सकाळी दिसणार नाही. मग आमच्या एकीने त्यांच्यासमोर गाठोड्यावर दुसरी चादर गुंडाळली, चार गाठी मारल्या, वर चिकटपट्टीवर त्यांचं नाव लिहिलं आणि त्यांना त्या गाठी हाताने चाचपून बघायला दिल्या. गाठोडं आमच्या होस्टेलच्या खोलीत कपाटावर राहिलं. मग मावशी निघाल्या.

कॅज्युअल्टीत विचारलं, जवळ कोण आहे? मी म्हटलं, मी आहे. त्यानंतर अडलं नाही. आम्ही पाळ्या लावल्या, सकाळी एक जण लॅबसाठी, दुपारी एक राउंडनंतरच्या धावपळीला, रात्री एक जण. औषध आम्ही एकही दिलं नाही, सगळं वॉर्डानेच दिलं. मावशी चालत बाहेर पडल्या.

म्हणून धागाकर्त्याला माझं सांगणं : गोळ्या द्यायच्या की नाही यावर भांडण्यात रात्री घालवू नका. शहरात डॉक्टर आहेत, औषधं आहेत, बेड आहेत. रस्त्यावरच्या माणसाकडे नाही तो जवळचा माणूस, आणि तेवढं होण्यासाठी डिग्री लागत नाही. रुग्णालयात कुठला कॉरिडॉर कुठे निघतो, कुठल्या खिडकीवर कोणता कागद लागतो, हे तुमच्याइतकं या शहरात कोणाला माहीत आहे?

निशा_सिस्टर

पोरी, शंभर टक्के खरं लिहिलंस. एक भर घालते. प्रत्येक मोठ्या सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक असतात. भरती केल्याच्या पहिल्याच दिवशी त्यांना भेटा. फी माफीचा कागद, बेवारस रुग्णाची नोंद, पुढे निवाऱ्यात पाठवणं, सगळं त्यांच्या टेबलावरून होतं. बहुतेक लोक डिस्चार्जच्या दिवशी त्यांच्याकडे धावतात, तेव्हा त्यांच्याही हातात काही उरत नाही.

फणसाळ

मी थोडा वेगळा सूर लावतो, राग मानू नका. स्ट्रेचर ढकलायला, नमुने पोचवायला कर्मचारी नेमायचे असतात. पदं रिकामी ठेवायची आणि काम नातेवाइकांवर ढकलायचं, हे वर्षानुवर्षं चाललंय. आता ज्यांना नातेवाईक नाहीत तिथे विद्यार्थी उभे राहिले तर ती रिकामी जागा कधीच कोणाला दिसणार नाही. उद्या वॉर्डातून फोन येईल, "तुमचा पेशंट आहे, या लवकर". तुम्ही अभ्यास करणार की हमाली?

इंटर्न_मुलगी

फणसाळ, मुद्दा बरोबर आहे आणि तसे फोन येतातही. पण मावशींचा पाय पदभरतीसाठी थांबणार नव्हता. आम्ही एक वही ठेवतो. कुठला पेशंट, कुठल्या वेळी, कशासाठी माणूस लागला आणि नसता तर काय अडलं असतं. ती वही मॅडममार्फत वर जाते. ज्यांना सह्यांची निवेदनं लिहायची आहेत त्यांनी जरूर लिहावीत, नोंदी आम्ही देऊ.

कायद्याचं_बोलू

बर्डीकर, तुमचं निवाऱ्याचं म्हणणं कायद्याला आणि धोरणाला धरूनच आहे. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या निकषाप्रमाणे दर एक लाख लोकसंख्येमागे शंभर जणांचा एक कायमचा निवारा हवा. २०११ च्या जनगणनेत नागपूर शहर चोवीस लाखांच्या पुढे होतं. म्हणजे त्या जुन्या आकड्यावरही चोवीस निवारे हवेत. शहरात फिरून बघा आणि स्वतःच मोजा.

आहेत तिथे लोक का जात नाहीत, हेही त्यांनाच विचारावं. नवरा-बायको असतील तर वेगळं राहावं लागतं. हातगाडी किंवा भंगाराचं पोतं आत नेता येत नाही. पहाटे संत्रा मार्केटात हमाली मिळते, तिथून लांब झोपून चालत नाही. व्यसन असेल तर आत घेत नाहीत. आणि 'उचलून नेण्याची' भीती खोलवर बसलेली आहे. १९५९ चा मुंबई भीक प्रतिबंधक कायदा आपल्या राज्यात अजून आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये तिथल्यापुरती त्यातली बरीच कलमं रद्द केली, महाराष्ट्रात तसं झालेलं नाही. मार्च २०२३ मध्ये सी-२० (जी-२० मधल्या नागरी संघटनांच्या) परिषदेच्या वेळी नागपुरात चौकाचौकांत भीक मागण्यावर बंदीचा आदेश निघाला होता, आठवत असेल. गणवेशातला माणूस दिसला की झोपलेला माणूस गाठोडं उचलून चालू लागतो. पांढऱ्या कोटाबद्दलही आधी तेच वाटतं. कोट घालून जाऊ नका, असं माझं सुचवणं.

आणखी एक. मनोरुग्ण वाटणारी, भरकटलेली व्यक्ती दिसली तर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम १०० वाचून ठेवा. अशा व्यक्तीला संरक्षणात घेऊन चोवीस तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात तपासणीसाठी नेणं हे पोलीस ठाण्याचं काम आहे. लॉकअपमध्ये ठेवता येत नाही. ती व्यक्ती बेघर असेल तर हरवलेल्या व्यक्तीची नोंद करून घरच्यांचा शोधही त्यांनीच घ्यायचा. विद्यार्थ्यांनी स्वतः कोणाला ओढून नेऊ नये. ठाण्यात जावं, कलम सांगावं, लेखी द्यावं, पोच घ्यावी.

बर्डीकर

निवारे कमी आहेत हे मान्य. मग ते वाढवा म्हणून महापालिकेच्या दारात बसायला हवं. माझं म्हणणं मी मागे घेत नाही. पण त्या गाठोड्याचं मला ठाऊक नव्हतं. आमच्या दुकानापुढचा एक जण थंडीत आठ डिग्रीतही निवाऱ्यात गेला नाही, त्याच्याकडेही एक पोतं आहे.

ऊन_पाऊस

कायद्याचं_बोलू यांनी घरच्यांच्या शोधाचा विषय काढला म्हणून लिहिते. माझे सख्खे मामा डोक्याच्या आजारात घरातून निघून गेले होते. आजी रोज दारात ताट वाढून ठेवायची. ते नागपूर स्टेशनजवळ सापडले, ते असेच पायाला पट्टी बांधणाऱ्या एका मुलामुळे. मामा नाव-गाव काही सांगत नसत, विचारलं की चिडत. त्या मुलाने विचारलं, "मामा, तुमच्याकडे बाजार कोणत्या वारी असतो?" मामा पटकन म्हणाले, "मंगळवारी." मग नदी कोणती, पोळ्याला बैल कुठे उभे करतात, बस कुठे बदलायची, असं दर भेटीत एकेक. त्याने ते सगळं जपून लिहून ठेवलं आणि पोलिसांकडे दिलं. तेवढ्यावर तालुका सापडला, मग गाव.

तो मुलगा आता कुठे डॉक्टर असेल माहीत नाही. तुम्ही सगळे करताय ते पुढेही करा, एवढंच.

सीताफळ

ताई, वाचून डोळे भरून आले. बाजाराचा वार मी लक्षात ठेवणार.

हैदराबाद_पॅसेंजर

दिल्ली-चेन्नई आणि मुंबई-हावडा या दोन्ही लाइनी नागपुरात एकमेकींना छेदतात. त्यामुळे देशभरातून भरकटलेला माणूस इथे उतरतो. 'बोलत नाही', 'बरळतो' असं ज्याच्याबद्दल म्हणतात तो कधी कधी नीट तेलुगू किंवा ओडिया बोलत असतो, आपल्याला कळत नाही एवढंच. तुमच्या कॉलेजात अखिल भारतीय कोट्यातून आलेली बाहेरची मुलं असतील. त्यांना गटात घ्या. स्टेशनवर माझ्यासमोर एक आजोबा कोणाशीच बोलत नव्हते. एका मुलीने तेलुगूत "जेवलात का?" विचारलं, तर ते अर्धा तास बोलायचे थांबले नाहीत.

पिट्सबर्ग_व्हाया_धंतोली

या विषयाचा एक उगम मी राहतो त्या गावात, अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये आहे. इथे डॉ. जिम विदर्स यांनी १९९२ मध्ये रात्री रस्त्यावर जाऊन बेघरांवर उपचार सुरू केले. सोबत असायचा तो पूर्वी स्वतः रस्त्यावर राहिलेला माणूस, ओळख त्याची आणि औषध डॉक्टरांचं. आता अमेरिकेत पुष्कळ मेडिकल कॉलेजांचे विद्यार्थी असे गट चालवतात. तिथेही विद्यार्थी एकटे नसतात, अनुभवी डॉक्टर सोबत असतोच. रस्त्यावरच्या माणसालाच गटात घ्यायची पद्धत मात्र उचलण्यासारखी आहे. तुमच्याकडे टपरीवाले भाऊ आहेतच की. पुण्यात डॉ. अभिजित सोनवणे भीक मागणाऱ्यांमध्ये जाऊन उपचार करतात आणि जमेल त्याला छोट्या कामाला लावतात, तेही बघा.

वऱ्हाडी_टपरी

मी येतो ना. दहा वाजता टपरी बंद करतो. कोन कुठं झोपते, कोनाचं कुत्रं चावते, सगळं माहीत हाय मले. एक सांगतो, फोटो काढू नका. मागं कोनी लोक आले, केळं देलं अन् चार जणाइनं फोटो काढला. थो बुढा दोन दिवस तोंडावर दुपट्टा घेऊन बसला.

तिसरं_वर्ष (धागाकर्ता)

फोटोंबद्दल आमच्या गटात नियम आहे. जखमेचा फोटो फक्त मॅडमना दाखवायला, तोही विचारून. चेहरा कधीच नाही. भाऊ, तुम्ही आलात तर खूपच चांगलं.

उन्हाळी_नागपूर

ओआरएसबद्दल एक. पुडी एक लिटर पाण्यासाठी असते. ज्याच्याकडे भांडं नाही तो ती पेल्याभर पाण्यात घालून पितो, मीठ जास्त होतं, त्रास वाढतो. पुडीसोबत रिकामी एक लिटरची बाटली द्या आणि पहिली बाटली तुम्हीच भरून दाखवा. आणि मे महिन्यात शनिवारी रात्री जाण्याबरोबर दुपारी दोन-तीनला एक फेरी मारा. अंग तापलेलं आणि माणूस भांबावलेला दिसला तर सावलीत घ्या, अंगावर पाणी मारा, वारा घाला आणि १०८ लावा. शुद्ध हरपत असेल तर तोंडाने काही पाजू नका.

निक्षय_मित्र

मी क्षयरोगाच्या कामात आहे. अजून टीबीचं कोणी लिहिलं नाही म्हणून. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, वजन उतरलेलं, संध्याकाळचा ताप, असं कोणी दिसलं तर थुंकी तपासायला आणाच. तपासणी आणि औषध सरकारी केंद्रात फुकट आहे. साध्या टीबीत दोन महिने चार औषधं आणि मग चार महिने तीन. सहा महिने तो माणूस रोज सापडला पाहिजे, खरी कसोटी ती आहे. अशा वेळी टपरी, मंदिरासमोरचा फुलवाला, स्टँडवरचा हमाल, कोणीतरी ठरलेला माणूस रोज गोळी समोर घ्यायला लावतो. आम्ही त्याला उपचार सहायक म्हणतो. पोषणासाठी नोव्हेंबर २०२४ पासून महिना हजार रुपये मिळतात, पण ते बँक खात्यात. रस्त्यावरच्या माणसाचं खातं उघडून देणं हे विद्यार्थ्यांना सहज जमण्यासारखं काम आहे.

तिसरं_वर्ष (धागाकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री गटाची बैठक झाली, धागा मोठ्याने वाचला. ठरलं ते असं. बीपी-शुगरच्या गोळ्या फूटपाथवर चालू करायच्या नाहीत. ग्लिमेपिराइडचं ऐकल्यावर माझा स्वतःचा आग्रह संपला. शनिवारची ड्रेसिंग राहील, सलाइनची धार आणि पिवळी पिशवी सिस्टरनी सांगितली तशी. त्यातून ज्यांना न्यायला हवं त्यांच्यासाठी सोमवारी सकाळी ओपीडीत सोबत जाणारा वेगळा गट. प्रत्येक पेशंटमागे दोन जण, एक आमच्या बॅचचा आणि एक ज्युनियर, म्हणजे परीक्षा एकाच वेळी येत नाही. गाठोडी ठेवायला होस्टेलमध्ये एक कपाट रिकामं केलंय, वॉर्डन सरांनी परवानगी दिली.

भांडण पूर्ण मिटलेलं नाही. दोघांचं अजून म्हणणं आहे की ज्याच्या गोळ्या ओपीडीत चालू झाल्यात त्याला महिन्याच्या गोळ्या आपण पोचवाव्यात. डॉ_वर्धारोड, यावर तुमचं मत हवंय.

आणि निक्षय_मित्र, मोर भवनच्या मागे एक दादा आहेत, भाद्रपदापासून खोकतात. सोमवारी येतो म्हणालेत. उपाशी आणायचं का?

डॉ_वर्धारोड

पोचवा. एकदम महिन्याच्या देऊ नका, भिजतात, हरवतात, कोणी उचलतं. आठवड्याच्या द्या, शनिवारी जाताच आहात. आणि दर वेळी पुडी देण्याआधी विचारा : मागच्या किती उरल्या, आणि काल रात्री काय खाल्लं.

निक्षय_मित्र

उपाशी नको, चहा-पोहे खाऊ द्या. खाल्ल्यावर साध्या पाण्याने चांगली चूळ भरायला सांगा. डबी आत खोलीत नाही, मोकळ्या जागेत द्यायची, वारा तुमच्याकडून त्यांच्याकडे जाईल अशा बाजूला तुम्ही उभं राहा. दोन-तीन खोल श्वास, मग छातीतून खोकून काढलेला बेडका हवा, नुसती लाळ नको. डबीवर नाव झाकणाला नाही, अंगाला लिहा. मोबाइल नंबरच्या रकान्यात तुमच्यापैकी ज्याचा फोन पुढचे सहा महिने नक्की उचलला जाईल त्याचा टाका. मी साडेनऊपर्यंत केंद्रावर असतो, थेट माझ्याकडे या.

वऱ्हाडी_टपरी

थो दादा मले माहीत हाय. सोमवारी सकाळी सातलेच कामाले निघून जाते. मी त्याले टपरीवर बसवून ठेवतो, तुमी आठच्या आत या.